मुलाच्या मापाचे मैदान: बालफुटबॉलपटूंची घडण आणि त्यांच्या प्रशिक्षकांचे शिक्षण

फुटबॉलपटू घडतो कसा, या प्रश्नाची चर्चा जगभर दीर्घकाळ दोन स्वतंत्र वाटांनी चालत आली आहे. एका वाटेवर मुलांची निवड, त्यांचा सराव, त्यांची शारीरिक वाढ आणि त्यांच्या स्पर्धा यांचा विचार झाला. दुसऱ्या वाटेवर प्रशिक्षकांचे अभ्यासक्रम, परवाने आणि परीक्षा यांचा. वस्तुतः आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या वाट्याला येणारा फुटबॉल हा त्याच्या प्रशिक्षकाला जेवढा उमगलेला असतो तेवढाच असतो, आणि म्हणून या दोन वाटा वेगळ्या ठेवल्या की दोन्हींवरचे श्रम वाया जातात. गेल्या पन्नास वर्षांत ज्या देशांनी मुलांच्या खेळाचे स्वरूप बदलले आणि त्याच वेळी तो खेळ शिकवणाऱ्या माणसालाही नव्याने शिकवले, तेथील सुधारणा मुळे धरून राहिल्या; जेथे केवळ मैदाने बांधली गेली किंवा केवळ परवाने वाटले गेले, तेथे काही वर्षांनी पूर्वीचेच चित्र दिसू लागले. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजू एकत्र तपासल्या आहेत.

प्रश्नाचे मूळ मैदानाच्या मापात आहे. प्रौढांच्या आंतरराष्ट्रीय सामन्याचे मैदान १०० ते ११० मीटर लांब आणि ६४ ते ७५ मीटर रुंद असते, आणि गोलची चौकट ७.३२ मीटर रुंद व २.४४ मीटर उंच असते. नऊ वर्षांचा मुलगा साधारण सव्वा ते दीड मीटर उंचीचा असतो. त्याला या चौकटीत उभे केले की डोक्यावरून आलेला प्रत्येक चेंडू गोल ठरतो, आणि तो गोल त्याच्या चुकीमुळे झाला असे मात्र सर्वांना वाटते. बावीस मुले आणि एक चेंडू अशी मांडणी असली की चेंडूभोवती दहा-बारा जणांचा घोळका जमतो, उरलेली मुले कडेला उभी राहून वाट पाहतात, आणि ज्याच्या पायात वयाच्या मानाने जास्त जोर आहे तो चेंडू लांब मारून धावत सुटतो. अशा सामन्यात जिंकण्याचा खात्रीचा उपाय एकच असतो, तो म्हणजे सर्वांत थोराड मुलाला पुढे ठेवून त्याच्याकडे चेंडू भिरकावणे. प्रशिक्षक तो उपाय करतो, सामना जिंकतो, आणि मुले मात्र फुटबॉल शिकत नाहीत. यात प्रशिक्षकाचा दोष काढण्यापूर्वी हे लक्षात घेतले पाहिजे की मैदानाच्या मापानेच त्याला या उपायाकडे ढकललेले असते.

या मापाला सर्वांत पद्धतशीर आव्हान दिले ते हॉर्स्ट वाइन या जर्मन प्रशिक्षकाने, आणि तो मूळचा फुटबॉलचा माणूस नव्हता ही गोष्ट महत्त्वाची आहे. वाइन हॉकीपटू आणि हॉकीचा प्रशिक्षक होता. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये अंतिम सामन्यात भारताने स्पेनचा ४-३ असा पराभव करून हॉकीचे आठवे सुवर्णपदक मिळवले, तेव्हा रौप्यपदक मिळवणाऱ्या त्या स्पॅनिश संघाचा प्रशिक्षक वाइन होता. पुढे तो फुटबॉलकडे वळला आणि मुलाच्या मापाचा फुटबॉल हा विचार त्याने स्पेनमधून जगभर नेला. त्याचे म्हणणे साधे होते: मुलाला मोठ्या माणसाचे कपडे घालायला लावत नाहीत, तर मग मोठ्या माणसाचा खेळ का खेळायला लावतात? वाढत्या अंगाबरोबर जसे कपड्याचे माप वाढते, तसा खेळ तीन विरुद्ध तीनपासून सुरू होऊन सात विरुद्ध सात, आठ विरुद्ध आठ अशा पायऱ्यांनी वाढत जावा आणि चौदाव्या वर्षाच्या सुमारास अकराच्या पूर्ण खेळापर्यंत पोहोचावा, अशी त्याची रचना होती.

या रचनेतील पहिली पायरी ‘फुनिनो’ या नावाने ओळखली जाते. इंग्रजीतील मजा आणि स्पॅनिशमधील बालक या दोन शब्दांच्या जोडणीतून हे नाव आले. मैदान जेमतेम तीस मीटर लांब आणि पंचवीस मीटर रुंद असते. दोन्ही टोकांना प्रत्येकी दोन, असे एकूण चार छोटे गोल असतात. प्रत्येक बाजूला तीन खेळाडू असतात, गोलरक्षक नसतो, आणि गोलपासून सहा मीटरवर आखलेल्या रेषेच्या आत आल्याशिवाय मारलेला गोल धरला जात नाही. हे नियम किरकोळ वाटतात, पण त्यांचा परिणाम जवळून पाहण्यासारखा असतो. चेंडू घेऊन निघालेली मुलगी आधी डावीकडच्या गोलकडे जाते, कारण तो समोर असतो. समोरच्या संघातील दोघे तिकडे सरकतात, आणि त्यामुळेच उजवीकडचा गोल मोकळा पडतो. मान खाली घालून चेंडूकडेच पाहत राहिली तर तिला हे दिसत नाही आणि चेंडू हिसकावला जातो. पण दोन-चार वेळा असे झाले की ती मान वर करायला लागते, थबकते, चेंडू पायाच्या बाहेरच्या बाजूने वळवते आणि मोकळ्या बाजूला असलेल्या सवंगड्याकडे सरकवते. तिला कोणीही काही सांगितलेले नसते. एकच गोल असता तर वळण्याचे कारणच नव्हते, आणि लांबून मारण्याची मुभा असती तर जवळ येण्याचे, म्हणजेच सोबत्याला सामील करून घेण्याचे कारण नव्हते. गोलरक्षक नसल्याने कोणालाही चौकटीत उभे राहून कंटाळावे लागत नाही, आणि राखीव मुले ठरलेल्या क्रमाने आत येत असल्याने बाकावर बसून राहणे ही शिक्षा कोणाच्या वाट्याला येत नाही.

या साध्या दिसणाऱ्या खेळामागे शिकण्याविषयीचा एक मोठा विचार उभा आहे. १९८२ मध्ये इंग्लंडमधील डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प या शिक्षकांनी असे मांडले की शाळांतून खेळ शिकवताना आधी तंत्र आणि मग सामना हा क्रम उलटा आहे. मुलाला आधी खेळाची समज यावी, चेंडू कधी आणि कशासाठी द्यायचा हे कळावे, म्हणजे तो कसा द्यायचा हे शिकण्याची गरज त्याला स्वतःलाच वाटू लागते. १९८६ मध्ये कार्ल न्यूएल याने हालचालींच्या अभ्यासात असे दाखवले की कोणतीही हालचाल ही माणसाचे शरीर, भोवतालची परिस्थिती आणि हाती असलेले काम या तीन मर्यादांच्या ओढाताणीतून आकार घेते. म्हणून प्रशिक्षकाने हालचाल घोटून घेण्याऐवजी काम आणि परिस्थिती बदलावी, हालचाल आपोआप बदलते. त्याच्याही कितीतरी आधी, १९२० च्या दशकात, निकोलाय बर्नस्टाइन या रशियन शास्त्रज्ञाने छिन्नीवर हातोड्याचे घाव घालणाऱ्या कसबी कामगारांच्या हालचालींचे चित्रण केले तेव्हा असे दिसले की घाव नेमका जागेवर पडत असला तरी हाताचा मार्ग दर वेळी थोडा वेगळा असतो. कसब हे एकच हालचाल हुबेहूब पुन्हा करण्यात नसून तेच उद्दिष्ट दर वेळी नव्या मार्गाने गाठण्यात आहे, हा त्याचा निष्कर्ष आपल्या लोहारवाड्यांतील कोणत्याही जाणत्या कारागिराला पटला असता. रांगेत उभे राहून प्लास्टिकच्या कोनांमधून चेंडू नागमोडी नेण्याचा सराव मैदानामैदानांवर दिसतो. त्याची मर्यादा येथेच आहे, कारण कोन हलत नाही, फसत नाही आणि चेंडू हिसकावून घेत नाही. त्या सरावाने पाय आणि चेंडू यांची ओळख होते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण सरावाचा बहुतांश वेळ त्यात गेला तर मुलाला चेंडू हाताळता येतो आणि खेळता मात्र येत नाही.

हा सगळा विचार पाश्चात्त्यांकडूनच आला असे मानण्याची घाई करू नये. भारताला १९५१ आणि १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान मिळवून देणारे सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने हैदराबादचे शाळामास्तर होते. चेंडू घेऊन पळण्यास बंदी असलेल्या छोट्या संघांच्या स्पर्धा आणि फक्त कमकुवत पायानेच खेळण्याच्या स्पर्धा ते भरवत असत, म्हणजे आज ज्याला मर्यादा बदलून शिकवणे म्हणतात तेच ते सत्तर वर्षांपूर्वी करीत होते. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला, तेव्हा कूपरेज मैदानावरच्या प्रेक्षकांनी या शिकवणीचे फळ प्रत्यक्ष पाहिले. १९६३ मध्ये रहीम गेले. त्यांची पद्धत नोंदवून ठेवणारी, ती पुढच्या प्रशिक्षकांना शिकवणारी व्यवस्था मात्र उभी राहिली नाही, आणि भारतीय फुटबॉलच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी हानी म्हटली पाहिजे. पदके एका पिढीची असतात. शिकवण्याची रीत हाती राहिली असती तर ती अनेक पिढ्यांची झाली असती.

मुलांच्या निवडीचा प्रश्न वाढीच्या प्रश्नाशी जोडलेला आहे. वयात येताना उंची अत्यंत वेगाने वाढण्याचा जो काळ असतो, तो मुलींमध्ये सरासरीने बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांमध्ये चौदाव्याच्या आसपास येतो; पण ही केवळ सरासरी आहे, आणि एकाच वर्गातील दोन तेरा वर्षांच्या मुलांपैकी एकाची हाडे पंधराची आणि दुसऱ्याची अकराची असू शकतात. या काळात पाय धडाआधी लांब होतात, तोल बिघडतो, काल सहज जमणारा पास आज चुकतो, गुडघ्याखाली आणि टाचेत दुखू लागते. हे न जाणणारा प्रशिक्षक मुलगा आळशी झाला असे समजतो आणि सराव वाढवतो, म्हणजे नेमके जे करू नये ते करतो. दुसरा दोष निवडीच्या तारखेचा. १ जानेवारी ही सीमा धरून वयोगट पाडले की जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेली मुले त्याच गटातील नोव्हेंबर-डिसेंबरच्या मुलांपेक्षा जवळजवळ एका वर्षाने मोठी असतात, आणि निवडलेल्या संघांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांची गर्दी होते. सापेक्ष वयाचा परिणाम या नावाने ओळखली जाणारी ही गोष्ट देशोदेशींच्या अभ्यासांत पुनःपुन्हा आढळली आहे. यावर इंग्लंडमधील क्लबांनी गेल्या दहा-बारा वर्षांत एक उपाय करून पाहिला. प्रौढपणी अपेक्षित असलेल्या उंचीच्या किती टक्के उंची आज गाठली आहे, यावरून मुलांचे गट पाडून त्यांचे काही सामने खेळवायचे. लवकर वाढलेल्या मुलाला त्यामुळे आपल्या तोडीच्या अंगाशी झुंजावे लागते आणि केवळ जोरावर निभावत नाही. उशिरा वाढणाऱ्याला प्रथमच चेंडू पायात ठेवून विचार करायला उसंत मिळते.

भारतात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. मागच्या पिढ्यांत महाराष्ट्रातील असंख्य मुलांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून अशी लिहून टाकली. त्यात लबाडी नव्हती, नोंदच नव्हती. जन्मनोंदणी सार्वत्रिक होत गेली तशी ती अडचण कमी झाली, पण स्पर्धा जिंकण्यासाठी मुद्दाम वय कमी दाखवण्याची वाईट खोड खेळांना जडली. तिला आळा घालण्यासाठी मनगटाच्या हाडांच्या क्ष-किरण चित्रावरून वय ठरवण्याची पद्धत भारतीय फुटबॉलमध्ये वापरली जाते. ही तपासणी गरजेची आहे, पण ती हाडांचे वय मोजते, दाखल्यावरचे नव्हे, आणि त्यामुळे खरोखर तेराच असलेला पण लवकर वाढलेला प्रामाणिक मुलगा तिच्या जाळ्यात सापडू शकतो. वय चोरणाऱ्यामुळे खरी किंमत मोजतो तो मात्र तिसराच कोणीतरी: दोन-तीन वर्षांनी मोठ्या मुलांसमोर उभा केलेला, धक्के खाऊन मागे सरलेला आणि ‘याच्यात दम नाही’ असा शेरा घेऊन घरी परतलेला मुलगा. तो पुन्हा मैदानावर येत नाही, आणि त्याची मोजदाद कुठल्याच तपासणीत होत नाही.

दुखापतींविषयी थोडक्यात सांगता येईल, कारण तेथे पुरावा स्पष्ट आहे. सात ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी तयार केलेल्या, सरावाआधी पंधरा-वीस मिनिटे करावयाच्या ‘इलेव्हन प्लस किड्स’ या व्यायामसंचाची युरोपातील चार देशांत चाचणी झाली आणि २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात दुखापतींचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले. माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये मेंदूच्या ऱ्हासाच्या विकारांनी मृत्यू येण्याचे प्रमाण इतरांच्या साडेतीन पट असल्याचे ग्लासगो विद्यापीठाच्या अभ्यासात २०१९ मध्ये आढळले. त्यापाठोपाठ २०२० मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड येथे प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांच्या सरावातून चेंडू डोक्याने मारणे वगळण्याचे मार्गदर्शन लागू झाले. अमेरिकेने दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तशी बंदी २०१५ मध्येच जाहीर केली होती.

देशपातळीवरच्या सुधारणांमध्ये बेल्जियमचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. २००० च्या सुमारास तेथील महासंघाचा तांत्रिक संचालक मिशेल साब्लों याने ल्यूव्हेन विद्यापीठाच्या मदतीने मुलांच्या सुमारे दीड हजार सामन्यांचे चित्रण अभ्यासले, आणि कित्येक मुलांच्या पायाला सामन्यात चेंडू बोटांवर मोजण्याइतक्या वेळाच लागतो हे सर्वांच्या नजरेस आणले. त्यानंतर सर्वांत लहान मुलांसाठी दोन विरुद्ध दोन, मग पाच विरुद्ध पाच, मग आठ विरुद्ध आठ अशी चढण ठरली, लहान गटांच्या गुणतालिका बंद झाल्या, आणि देशभरच्या प्रशिक्षकांपुढे एकच समान आराखडा ठेवला गेला. क्लबांनी आणि पालकांनी तक्रारी केल्या, राष्ट्रीय युवा संघ सामने हरले, तरी साब्लों मागे हटला नाही. २००७ मध्ये जागतिक क्रमवारीत सत्तरीच्या पलीकडे गेलेला बेल्जियम २०१५ मध्ये पहिल्या क्रमांकावर आला आणि २०१८ च्या विश्वचषकात तिसरा ठरला. याच काळात तेथे एडन हझार, केव्हिन डी ब्रॉयना यांच्यासारखे असामान्य खेळाडू एकाच पिढीत जन्मले, हा योग आराखड्याच्या खात्यावर लिहिणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण अशा मुलांना अंगापिंडाने लहान म्हणून बाजूला काढणारी व्यवस्था तेथे उरली नव्हती, एवढे श्रेय आराखड्याचे निश्चित आहे.

जर्मनी २००० च्या युरो स्पर्धेत एकच गुण आणि एकच गोल घेऊन परतली, तेव्हा तेथील महासंघाने व्यावसायिक क्लबांना युवा प्रबोधिनी बंधनकारक केल्या आणि देशभर साडेतीनशेहून अधिक प्रतिभा-केंद्रे उघडली, जेथे आठवड्यातून एकदा गावोगावच्या क्लबांतील निवडक मुलांना जादा सराव मिळू लागला. २०१४ चा विश्वचषक हे त्याचे फळ मानले गेले. पुढे २०१८ आणि २०२२ मध्ये हाच संघ पहिल्याच फेरीत बाद झाला आणि विचार पुन्हा खालपर्यंत गेला: २०२४-२५ च्या हंगामापासून जर्मनीत सर्वांत लहान गटांचा खेळ दोन विरुद्ध दोन आणि तीन विरुद्ध तीन, छोट्या गोलांसह आणि गुणतालिकेशिवाय झाला आहे. त्याच्या मांडणीत वाइनच्या चार गोलांच्या मैदानाची छाप उघड दिसते. वाइन २०१६ मध्ये निवर्तला. आपल्या मायदेशाने आपला विचार नियम म्हणून स्वीकारलेला पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. फ्रान्सची वाट निराळी आहे. १९८८ पासून क्लेरफोंतेन येथे तेरा ते पंधरा वर्षांच्या निवडक मुलांना आठवडाभर निवासी शिक्षण दिले जाते आणि शनिवार-रविवारी ती आपल्या घरच्या क्लबांकडून खेळतात. तिएरी आँरी आणि किलियन एम्बापे तेथूनच गेले. या व्यवस्थेची कीर्ती मोठी आहे, पण तिचा दरवाजा मोजक्यांसाठीच उघडतो. तिच्या पायाशी पॅरिसच्या उपनगरांतील शेकडो छोटे क्लब आणि इमारतींमधल्या मोकळ्या जागा आहेत, हे विसरून तिची नक्कल करणाऱ्या देशांच्या हाती केवळ वसतिगृह लागते.

प्रशिक्षकांच्या शिक्षणाच्या दृष्टीने या सर्वांहून शिकण्यासारखा देश आइसलँड आहे. चार लाखांहूनही कमी वस्तीच्या या देशाने २००० पासून बर्फाळ हिवाळ्यात खेळता यावे म्हणून बंदिस्त फुटबॉलगृहे बांधली, याची चर्चा खूप झाली. तितकेच महत्त्वाचे दुसरे काम असे की युरोपीय महासंघाच्या परवान्याचे अभ्यासक्रम तेथे गावापर्यंत नेले गेले, शेकडो प्रशिक्षक ‘बी’ आणि ‘ए’ पातळीपर्यंत शिकले, आणि ते मुलांच्या गटांवर नेमले जाऊन त्यांना त्या कामाचे वेतन मिळू लागले. तेथील सहा वर्षांच्या मुलीला चेंडू कसा थांबवायचा हे शिकवणारा माणूस अनेकदा परवानाधारक असतो. २०१६ मध्ये या देशाने इंग्लंडला २-१ असे हरवून युरो स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि २०१८ च्या विश्वचषकात तो तोवरचा सर्वांत कमी लोकसंख्येचा देश म्हणून खेळला.

प्रशिक्षकाला शिकवावे लागते, ही कल्पना स्वतःच फार जुनी नाही. इंग्लंडमध्ये १९४६ पासून वॉल्टर विंटरबॉटम याने प्रशिक्षकांचे पद्धतशीर अभ्यासक्रम सुरू केले, तेव्हा उत्तम खेळाडू आपोआप उत्तम शिक्षक होतो ही समजूत सर्वत्र दृढ होती, आणि ती आजही पुरती गेलेली नाही. आशियात या कामाची सुरुवात जपानमध्ये झाली. डेटमार क्रामर या जर्मन प्रशिक्षकाच्या नेतृत्वाखाली १९६९ मध्ये तेथे फिफाचा प्रशिक्षकांसाठीचा अभ्यासक्रम झाला, आणि त्यात शिकलेल्यांमध्ये भारताचे प्रदीपकुमार बॅनर्जी होते. भारतात १९६१ मध्ये पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्था स्थापन झाली आणि तिची पदविका अनेक दशके प्रशिक्षकाची ओळख राहिली. आज आशियाई महासंघाची ‘सी’, ‘बी’, ‘ए’ आणि ‘प्रो’ ही परवान्यांची शिडी प्रमाण मानली जाते, तर तिच्याखाली अखिल भारतीय महासंघाच्या ‘ई’ आणि ‘डी’ या पायऱ्या आहेत.

या शिडीचा खरा दोष तिच्या दिशेत आहे. प्रत्येक पायरी माणसाला मुलांपासून दूर नेते. ‘डी’ परवाना मिळालेला तरुण आठ वर्षांच्या मुलांना शिकवतो. तो कामात हुशार निघाला की ‘सी’ आणि मग ‘बी’ करतो, वरच्या गटाकडे जातो, आणि आठ वर्षांच्या मुलांपुढे पुन्हा एक नवशिका उभा राहतो. पहिलीच्या वर्गाला सर्वांत अननुभवी शिक्षक देऊ नये हे शिक्षणक्षेत्रात निदान तत्त्वतः मान्य आहे. फुटबॉलमध्ये ते तत्त्वतःही मान्य झालेले नाही, कारण मान आणि पैसा दोन्ही वरच्या गटांत आहेत. दुसरा दोष अभ्यासक्रमांच्या रीतीत आहे. अनेक परवाना-वर्गांत सरावाचे प्रात्यक्षिक देताना सहाध्यायीच मुलांची भूमिका करतात: तीस-पस्तिशीचे गृहस्थ रंगीत बिब घालून दहा वर्षांचे होतात, शिट्टी वाजताच थांबतात, सांगितलेल्या जागी उभे राहतात, आणि प्रात्यक्षिक निर्दोष पार पडते. दुसऱ्या दिवशी हाच प्रशिक्षक खऱ्या दहा वर्षांच्या वीस मुलांपुढे उभा राहतो, तेव्हा एकाची नाडी सुटलेली असते, दोघे भांडत असतात, एकाला पाणी हवे असते आणि एक जण जाळीवर चढलेला असतो. वर्गात तो फुटबॉल शिकलेला असतो. मुले कशी असतात हे मात्र शिकलेला नसतो. प्रशिक्षकांना त्यांच्या शिकण्याविषयी विचारणाऱ्या अभ्यासांत असे वारंवार आढळले आहे की ते अभ्यासक्रमापेक्षा स्वतःच्या अनुभवातून आणि दुसऱ्या प्रशिक्षकाला पाहून अधिक शिकतात. याचा अर्थ अभ्यासक्रम निरुपयोगी आहेत असा नाही. ते मैदानावर, खऱ्या मुलांसोबत आणि दीर्घकाळ चालले पाहिजेत असा आहे.

प्रशिक्षकाच्या वागण्याचा परिणाम किती खोल असतो, याचा एक जुना पण अजून पुरेसा न वाचला गेलेला पुरावा फुटबॉलबाहेरून मिळतो. सिएटल येथील रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांसाठी सुमारे अडीच तासांचा एक वर्ग तयार केला. त्यात तंत्राविषयी काही नव्हते. प्रयत्नाची दखल घ्यावी, चूक झाल्यावर आधी धीर द्यावा आणि मग सुधारणा सांगावी, शिक्षा व टोमणे टाळावेत, एवढेच होते. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, हा वर्ग न केलेल्या प्रशिक्षकांकडील २६ टक्के मुलांनी पुढच्या हंगामात खेळ सोडला होता, तर वर्ग केलेल्यांकडील फक्त ५ टक्के मुलांनी. दोन्ही गटांचे जिंकण्या-हरण्याचे प्रमाण सारखेच होते, म्हणजे मुलांना टिकवून ठेवणारी गोष्ट विजय नव्हती. कडेला उभे राहून ‘पास दे, पास दे’ असे ओरडणाऱ्या प्रशिक्षकाने तोच प्रसंग खेळ थांबल्यावर ‘मघाशी तुझ्या कुठल्या बाजूला जागा मोकळी होती?’ असा विचारला, तर मूल मागे वळून तो क्षण पाहते आणि उत्तर स्वतः शोधते. ओरडण्याने निर्णय प्रशिक्षकाचा राहतो. प्रश्नाने तो मुलाचा होतो. वाइनचे चार गोल आणि सिएटलचा अडीच तासांचा वर्ग या दोन टोकांच्या गोष्टी येथे एकमेकींना भेटतात.

महाराष्ट्र आणि गोव्याची स्थिती या पार्श्वभूमीवर पाहावी लागते. गोव्यात फुटबॉल गावोगावच्या जीवनाचा भाग आहे आणि तेथे लहान मुलांच्या केंद्रांसाठी शासकीय फुटबॉल विकास परिषद उभी राहिली. नागपुरात २००१ पासून विजय बारसे यांच्या ‘स्लम सॉकर’ने झोपडपट्टीतील मुलांना छोट्या मैदानावरच्या छोट्या संघांच्या फुटबॉलमध्ये आणले. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनची निवासी प्रबोधिनी २०१५ पासून चालते. या सर्वांहून वेगळे आहे ते कोल्हापूर. कुस्तीच्या तालमींनीच तेथे फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमी आणि प्रॅक्टिस क्लब यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियमवर जमणारी गर्दी भारतातील फार थोड्या शहरांत दिसते. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. अशा पेठांत मुलाला फुटबॉलची गोडी लावावी लागत नाही, ती हवेतच असते. तेथे उणीव आहे ती मुलांच्या वेळेची आणि जागेची. मोठ्यांचा सराव संपल्यावर उरलेल्या कोपऱ्यात, मोठ्यांच्या चेंडूने, मोठ्यांची नक्कल करत मूल शिकते. तालमीत वस्ताद लहान पोराला थेट मोठ्या मल्लाशी जोडत नाही, त्याची जोड वजन आणि उमेद पाहून लावतो. मापाचा हा विवेक कुस्तीच्या मातीत पिढ्यान्पिढ्या मुरलेला आहे, आणि त्याच तालमींच्या फुटबॉलमध्ये तो अजून पुरता उतरलेला नाही.

शालेय स्पर्धांची रचना याहून अधिक नुकसान करते. जिल्हास्तरावरील शालेय सामने बहुधा बाद पद्धतीने होतात. बत्तीस शाळा उतरल्या तर त्यांतील सोळा शाळांचा हंगाम पहिल्याच सामन्यात, बऱ्याचदा तासाभरात संपतो, आणि वर्षभर केलेला सराव तेथेच थांबतो. ज्या संघांना सामन्यांची सर्वांत जास्त गरज आहे त्यांनाच ते सर्वांत कमी मिळतात. साखळी पद्धतीला मैदाने, पंच आणि दिवस जास्त लागतात ही अडचण खरी आहे. पण एका मोठ्या मैदानावर तीन विरुद्ध तीनची सहा-आठ छोटी मैदाने आखली तर एका सकाळीच प्रत्येक मुलाला पाच-सहा सामने मिळतात, आणि पंचाची जवळजवळ गरजच पडत नाही. भारतीय महासंघाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या ‘गोल्डन बेबी लीग’चा विचार याच्या जवळचा होता: सहा ते बारा वर्षांच्या मुलामुलींनी छोट्या संघांतून, जवळच्या मैदानावर, महिनोन्‌महिने खेळत राहावे, आणि आयोजनाचा भार पालक व स्थानिक मंडळांनी उचलावा. जेथे ही लीग नेटाने चालली तेथे मुली मुलांबरोबर खेळू लागल्या, आणि ही गोष्ट चषकाहून मोठी आहे. मुलींच्या आणि एकंदरच बालगटांच्या प्रशिक्षकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण वाढणे, तसेच २०१२ च्या पॉक्सो कायद्याची आणि मुलांशी सुरक्षित वर्तनाची नीट ओळख सर्वांत खालच्या परवान्यातच करून देणे, ही कामे तंत्राच्या धड्यांइतकीच तातडीची आहेत.

शाळेतील क्रीडाशिक्षक हा या सगळ्यातील दुर्लक्षित दुवा आहे. पन्नास मुलांचा तास, तीन चेंडू, कवायत, वार्षिक संमेलन आणि निवडणुकीची कामे यांतून त्याला फुटबॉल शिकवायचा असतो. एखाद्या शहरात परवाना-वर्ग भरला तर रजा काढून आणि पदरमोड करून तो जातो, प्रमाणपत्र घेऊन येतो, आणि त्यानंतर त्याचे मैदान पाहायला कोणीही येत नाही. ज्या देशांत बदल टिकला तेथे परवाना दिल्यानंतरच खरे काम सुरू झाले. अनुभवी मार्गदर्शक महिन्या-दोन महिन्यांनी मैदानावर येतो, कडेला बसतो, मध्ये बोलत नाही. हातातल्या कागदावर मुलांची नावे असतात आणि पुढच्या वीस मिनिटांत कोणाच्या पायाला चेंडू किती वेळा लागला याच्या उभ्या रेघा तो ओढत जातो. सराव संपल्यावर तो कागद प्रशिक्षकाच्या हाती देतो. एका नावापुढे एकतीस रेघा असतात, दुसऱ्यापुढे दोन. प्रशिक्षक त्या दोन रेघांच्या नावाकडे पाहतो, मैदानाच्या आखणीकडे पाहतो, आणि पुढच्या आठवड्यासाठी मैदान मधोमध दोरीने दुभागायचे ठरवतो.